सुई टोचल्याने कर्करोग पसरतो काय?

'गाठीला शस्त्र लागले की ती चिघळते आणि कर्करोग अंगभर पसरतो,' अशी समजूत आपल्या समाजात आजही ऐकू येते. तिच्यापायी काही रुग्ण बायोप्सीचे नाव काढताच घरी परततात आणि रोग हाताबाहेर गेल्यावरच पुन्हा डॉक्टरांकडे येतात. ही समजूत निव्वळ अडाणीपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण तिच्यात थोडे तथ्य आहे. ते किती आहे आणि कोठे संपते, हे यकृताच्या उदाहरणावरून पाहू.

पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असलेले यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. त्यातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते. यापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल व्हेन या नीलेने येते व उरलेले रोहिणीवाटे येते. यकृतातील अतिसूक्ष्म वाहिन्यांतून फिरून हे रक्त एका मोठ्या नीलेत जाते, तेथून हृदयाच्या उजव्या भागात आणि मग फुप्फुसांत. म्हणून यकृतातील गाठीची एखादी पेशी सुटली, तर तिला रक्ताचा रस्ता अगदी जवळ सापडतो. यकृताचा कर्करोग यकृताबाहेर पसरतो तेव्हा तो बहुधा फुप्फुसांत आढळतो, त्याचे एक कारण हेच आहे.

पण पेशी सुटण्यासाठी सुईच लागते असे नाही. ऑस्ट्रेलियातील थॉमस अ‍ॅशवर्थ या डॉक्टरांनी १८६९ साली एका मृत कर्करुग्णाच्या रक्तात गाठीतील पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. पुढे १९९७ साली फ्रान्समधील संशोधकांनी यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांचे रक्त तपासले. काहींच्या रक्तात यकृतातील पेशींच्या खुणा आपोआपच आलेल्या होत्या, तर काहींमध्ये त्या उपचारांनंतर दिसू लागल्या. म्हणजे गाठ स्वतःहूनही पेशी सोडते आणि डॉक्टरांच्या हातूनही काही पेशी सुटू शकतात.

येथे विद्यार्थ्यांनी एक मेख ध्यानात घ्यावी. अशा तपासणीत पेशी प्रत्यक्ष दिसत नाही. अल्फा-फिटोप्रोटीनसारखे प्रथिन बनविण्याचा संदेश देणारे आरएनए रक्तात आहे काय, एवढेच पाहिले जाते. यकृताला सुई किंवा सुरी लागली की निरोगी पेशीही रक्तात येतात आणि त्यांच्यामुळेही अशी खूण दिसू शकते. खूण सापडली म्हणजे कर्करोग पसरला, असा निष्कर्ष घाईचा ठरेल.

आता समजा, कर्कपेशीच रक्तात गेली. पुढे काय होते? अमेरिकेतील आयझाया फिडलर यांनी १९७० साली उंदरांच्या रक्तात किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी सोडल्या. एका दिवसानंतर त्यांपैकी सुमारे एक टक्काच जिवंत उरल्या आणि दोन आठवड्यांनी हजारात एक एवढ्याच. रक्ताचा जोर आणि शरीराच्या संरक्षक पेशी यांपुढे बहुतेकींचा टिकाव लागत नाही. लंडनचे डॉ. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ सालीच बी आणि जमिनीचा दृष्टांत दिला होता. बी सगळीकडे पडते, पण उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळे सांगायला नको. मात्र हजारातली एक पेशीही रुजू शकते, म्हणून डॉक्टर हा धोका क्षुल्लक मानत नाहीत.

रक्ताखेरीज दुसरी वाट सुईच्या मार्गाची. सुई बाहेर येताना तिच्या वाटेवर पेशी राहून तेथे नवी गाठ होऊ शकते. अनेक अभ्यास एकत्र करून २००८ साली काढलेल्या निष्कर्षानुसार, यकृताच्या कर्करोगात बायोप्सीनंतर असे होण्याचे प्रमाण सुमारे २.७ टक्के, म्हणजे शंभरात तिघांहून कमी होते. ते आणखी घटावे म्हणून सुई बाहेरच्या नळीतून घालतात आणि गाठीपर्यंत निरोगी यकृतातून जातात. शिवाय सिरॉसिस झालेल्या रुग्णाच्या गाठीत सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर ठराविक लक्षणे स्पष्ट दिसली, तर बायोप्सीवाचूनही निदान करता येते. पण चित्र संदिग्ध असेल, तर तुकडा तपासल्यावाचून योग्य उपचार ठरत नाही.

शस्त्रक्रियेतही असाच विचार झाला. यकृताचा उजवा भाग काढताना पूर्वापार पद्धतीत तो आधी मोकळा करून डावीकडे वळवावा लागतो. त्यात गाठ दाबली जाते आणि पेशी रक्तात ढकलल्या जाण्याची भीती असते. हाँगकाँगच्या शल्यचिकित्सकांनी आधी त्या भागाच्या रक्तवाहिन्या बांधून, समोरून यकृत कापून, शेवटी तो भाग मोकळा करण्याची पद्धत वापरली. मोठ्या गाठी असलेल्या १२० रुग्णांवर त्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नव्या पद्धतीचे रुग्ण अधिक काळ जगल्याचे दिसले.

थोडक्यात, धोका खरा आहे, पण लहान आहे आणि काळजी घेऊन तो कमी करता येतो. निदानाविना वाढू दिलेली गाठ मात्र रोजच पेशी सोडू शकते आणि तिला आवर घालणारे कोणी नसते. तेव्हा बायोप्सी सुचविली गेल्यास पळ काढू नये. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: स्कॅनवरून निदान होण्यासारखे आहे काय? बायोप्सीने उपचारात काय फरक पडेल? गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असेल, तर शल्यचिकित्सकांचे मत घेतले आहे काय? हे प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. घरात कोणी शिकलेले असेल, तर रुग्णासोबत जाऊन ते विचारणे हे त्याचे कर्तव्य आहे.