गुडघ्याचा पट्टा आधार देतो म्हणजे नेमके काय करतो?

यवतमाळ : कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून दिवस मोडणे मजूर महिलांना परवडत नाही. मग मेडिकलमधून नी कॅप येते, साडीखाली चढते आणि ओटी बांधून पऱ्हाटीत वेचणी पुन्हा सुरू होते. पण ही कॅप आणि डॉक्टर लिहून देतात तो नी ब्रेस, या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

गुडघा म्हणजे बिजागरी का?

पूर्णपणे नाही. दाराची बिजागरी एकाच खिळीवर फिरते. गुडघ्यात मात्र मांडीचे हाड नडगीच्या हाडावर घरंगळते आणि त्याच वेळी सरकतेही. हा सारा डोलारा चार मुख्य लिगामेंट सांभाळतात. दोन बाजूंना, दोन आत फुलीसारखे. त्यातला एसीएल नडगीला पुढे सरकू देत नाही. कबड्डीत झपकन वळताना तुटतो तो बहुधा हाच.

सपाट जमिनीवर चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. म्हणजे 55 किलोच्या बाईच्या गुडघ्यावर 110 ते 165 किलो, आणि त्याचा मोठा वाटा आतल्या बाजूवर. पावसात चिकट झालेल्या काळ्या रानात पाय वाकडा पडला, की लिगामेंटवर ताण वाढतो.

ब्रेस काय करतो?

कापडी कॅप दाब आणि ऊब देते. त्वचेवरच्या घट्ट स्पर्शामुळे पाय कसा पडतोय याची जाणीव वाढते, विश्वास येतो. बाजूला कलणारा गुडघा मात्र ती रोखू शकत नाही.

ते काम हिंज ब्रेसचे. त्याच्या दोन बाजूंच्या पट्ट्या तीन ठिकाणी जोर लावतात : मांडीवर आणि नडगीवर एका दिशेने, सांध्याजवळ उलट दिशेने. वाकडी काठी सरळ करताना आपण दोन्ही टोके ओढून मध्ये गुडघा टेकवतो, तसेच. ‘अनलोडर’ ब्रेस याच तत्त्वावर झिजलेल्या बाजूचा थोडा भार दुसऱ्या बाजूकडे वळवतो. गुडघ्याचा अक्ष सरकता असल्याने अनेक ब्रेसच्या हिंजमध्येही दोन अक्ष असतात.

खरी गफलत इथेच होते. हिंज गुडघ्याच्या वाटीच्या मध्याच्या रेषेत हवे. ब्रेस घामाने खाली घसरला, की हिंज एकीकडे वाकते आणि गुडघा दुसरीकडे. निंदणाला उकिडवे बसल्यावर तर तो मागे गोळा होऊन रुततो. तेव्हा तो काढलेला बरा. बसायला बुटके स्टूल मिळाले तर उत्तम.

डॉक्टरांकडे कधी?

वळताना गुडघा निसटला, मध्येच अडकला किंवा मार लागल्यावर काही तासांत सुजला, तर आधी तपासणी, मग पट्टा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. घेण्याआधी वाटीच्या वर आणि खाली टेपने घेर मोजून पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवावा. पोटरी बधिर झाली किंवा पावलाला सूज आली, तर पट्टा लगेच काढावा.