पत्ता हीच पात्रता

महाराष्ट्रात एखाद्या कमानीवर ‘पब्लिक स्कूल’ अशी अक्षरे दिसली, की पालक प्रथम शुल्काची चौकशी करतात. अमेरिकेत याच दोन शब्दांचा अर्थ नेमका उलट आहे. तेथील पब्लिक स्कूल म्हणजे करदात्यांच्या पैशांवर चालणारी, शुल्क न घेणारी आणि आपल्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला सामावून घेण्यास कायद्याने बांधलेली शाळा. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या भागांतील कितीतरी घरांतील मुले-सुना आज नोकरीनिमित्त न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात आहेत. पाच-सात वर्षांच्या नातवंडाचे नाव तिकडच्या शाळेत घालायचे ठरले, की इकडे आजी-आजोबांना फोन येतो, आणि तो बहुधा एकाच गोष्टीसाठी असतो : कपाटाच्या वरच्या खणातली लसीकरणाची फाइल शोधून तिचे फोटो पाठवा. देणगी किती, मुलाखत कोणाची, ओळख कोणाशी, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. प्रश्न असतो तो कागदांचा, आणि ते कागद आपल्या सवयीपेक्षा पुष्कळ वेगळे असतात.

‘डिस्ट्रिक्ट’ हा शब्द ऐकून आपल्याला जिल्हा परिषद आठवते. पण स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे. केवळ शाळा चालविण्यासाठी आखलेला तो एक स्वतंत्र प्रदेश असतो. अशी सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट त्या देशात आहेत. कोठे एका लहानशा गावाचे एक, तर हवाईसारख्या संपूर्ण राज्याचेही एकच. बहुतेक ठिकाणी त्यांचा कारभार लोकनियुक्त मंडळ पाहते. खर्चाचा मोठा वाटा राज्य सरकार आणि स्थानिक कर, मुख्यतः घरपट्टीसारखा मालमत्ता कर, यांतून येतो. केंद्राचा वाटा साधारणपणे दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतो. चांगल्या शाळेचा लौकिक असलेल्या वस्तीत घरभाडे चढे असते, त्याचे मूळ या रचनेत आहे. शुल्क शाळेत भरावे लागत नाही हे खरे. ते घरमालकाला आधीच पोहोचलेले असते.

म्हणूनच प्रवेशाच्या वेळी मुलाच्या गुणांपेक्षा कुटुंबाच्या पत्त्याला महत्त्व येते. भाडेकरार, वीज किंवा पाण्याचे देयक, बँकेचे पत्र असे निवासाचे पुरावे मागितले जातात. नुकत्याच पोहोचलेल्या कुटुंबाची अडचण येथेच होते. करार एकट्या वडिलांच्या नावे असतो, किंवा कुटुंब महिनाभर चुलतभावाच्या घरी उतरलेले असते आणि एकही देयक त्यांच्या नावाचे नसते. अशा वेळी घरमालकाचे किंवा नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र चालू शकते. न्यू जर्सीच्या नियमांनुसार डिस्ट्रिक्टला एकाच विशिष्ट कागदाचा आग्रह धरता येत नाही; समोर आलेले सर्व पुरावे एकत्रितपणे पाहावे लागतात. निवासाविषयी शंका असली तरी मुलाला तात्पुरते दाखल करून घ्यावे लागते आणि प्रवेश नाकारला गेल्यास पालकांना २१ दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे दाद मागता येते. निकाल लागेपर्यंत मूल वर्गातच बसते. मात्र पालक हरले, तर त्या काळातील शिक्षणाचा खर्च त्यांच्याकडून वसूल होऊ शकतो. चांगल्या शाळेसाठी मित्राचा पत्ता देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

व्हिसाची भीती मात्र बहुतांशी अनाठायी आहे. टेक्सासमधील टायलर गावच्या शाळांनी १९७७ मध्ये कायदेशीर कागद नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर शुल्क मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, न्यायालयाने ठरविले की अशा मुलांना मोफत सरकारी शिक्षण नाकारता येणार नाही. ‘प्लायलर विरुद्ध डो’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. एच-४ व्हिसावर आई-वडिलांबरोबर गेलेल्या मुलाला तर कसलीच आडकाठी नाही. न्यू जर्सीत सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा प्राप्तिकराचे विवरणपत्र प्रवेशाची अट म्हणून मागता येत नाही.

अडचण निराळ्याच बेताची आहे, आणि तो बेत आपल्या घरांत अधूनमधून शिजतो : ‘काका तिकडे आहेत, मुलाला वर्षभर त्यांच्याकडे ठेवू, तिकडची शाळा होईल, इंग्रजी सुधारेल.’ पर्यटक व्हिसावर गेलेल्या व्यक्तीला तेथे शिक्षणक्रमात दाखल होण्याची मुभा नाही. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सरकारी शाळेत आठवीपर्यंत प्रवेशच मिळत नाही. नववी ते बारावीसाठी मिळतो, पण अधिकाधिक बारा महिने, आणि तोही संपूर्ण खर्च भरून. शाळेच्या खिडकीवर कोणी व्हिसा विचारला नाही, म्हणजे व्हिसाचा नियम मोडला गेला नाही असे होत नाही. त्याची किंमत पुढे कधीतरी त्या मुलालाच मोजावी लागते.

आता ती लसीकरणाची फाइल. सर्वाधिक खोळंबा तिच्यामुळे होतो, आणि बहुतेक वेळा मुलाला सर्व लसी वेळेवर टोचलेल्या असूनही होतो. पहिली गफलत तारखेची. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन माणूस महिना आधी वाचतो. ०५/०८/२०१९ ही आपली ५ ऑगस्ट शाळेच्या परिचारिकेला ८ मे वाटते, आणि तीन महिन्यांच्या फरकाने एखादा डोस ‘वेळेपूर्वी दिलेला’ ठरतो. भारत सोडण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून महिन्याचे नाव अक्षरांत लिहिलेला, सही-शिक्क्याचा नवा तक्ता करून घेतला तर हा घोळ मुळातच टळतो. दुसरी गोष्ट गोवराची. आपल्याकडे त्या लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसापूर्वीचा डोस शाळेच्या हिशेबात धरत नाहीत. शिवाय आपल्या सरकारी कार्यक्रमातील लस गोवर आणि रुबेला या दोन रोगांची आहे. तेथे गालगुंडासह तिन्ही रोगांची लागते. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, तेथे मात्र ती मागितली जाते. पोलिओचे तर पालकांना फारच नवल वाटते. प्रत्येक मोहिमेत बूथवर नेऊन थेंब पाजलेले असतात, बोटावर शाईची खूण लावून घेतलेली असते. परंतु एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले थेंब तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या नियमाप्रमाणे मोजले जात नाहीत. त्या महिन्यात थेंबांतील एक विषाणुप्रकार जगभर वगळण्यात आला, हे त्याचे कारण. खासगी दवाखान्यात टोचलेली पोलिओची लस असेल, तर तिची नोंद म्हणूनच जपून न्यावी.

क्षयरोगाच्या चाचणीतही असाच पेच आहे. जन्मतःच टोचलेल्या बीसीजीमुळे आपल्या मुलांच्या हातावर केलेली त्वचेची चाचणी विनाकारण सकारात्मक येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे आणि घरभर चिंता. बीसीजी घेतलेल्यांसाठी रक्ताची चाचणी अधिक भरवशाची मानली जाते. डॉक्टरांना बीसीजीविषयी आधी सांगितले, तर त्या प्रथमच ती सुचवितात. एखादी लस अपुरी आहे म्हणून मूल घरीच बसते असेही नाही. परदेशातून आलेल्या मुलांना न्यू जर्सीत ३० दिवसांची सवलत दिली जाऊ शकते.

नावाची गंमत वेगळीच. मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही आपली तीन पदरी रीत. त्यांच्या अर्जात मधल्या नावाचा रकाना असतो, पण तो मुलाच्या स्वतःच्या दुसऱ्या नावासाठी. तेथे वडिलांचे नाव लिहिले तरी बिघडत नाही. जन्मदाखला, पारपत्र आणि अर्ज यांवर ते एकसारखे असावे, इतकेच. वर्गात हाक कोणत्या नावाने मारावी, हेही बऱ्याच अर्जांत विचारतात. हाक सोपी व्हावी म्हणून ‘सन्मती’चे ‘सॅम’ करण्याची घाई पालकांनी करू नये. तेथील शिक्षक उच्चार विचारून घेतात, आणि शिकतात.

इयत्ता ठरते ती वयावरून. इकडे पहिलीचे चार महिने पूर्ण केले, म्हणून तिकडे दुसरीत बसवा, हा आग्रह सहसा टिकत नाही. पहिलीच्या आधीच्या वर्गाला किंडरगार्टन म्हणतात. त्यासाठी कोणत्या तारखेला पाच वर्षे पूर्ण हवीत, हे राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर, तर न्यू यॉर्क शहरात ३१ डिसेंबर. शाळा ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत उघडतात, पण प्रवेशाचा हंगाम असा नसतो. फेब्रुवारीत पोहोचलेले मूल फेब्रुवारीत वर्गात बसते.

सर्व अर्जांत पालकांची लेखणी सर्वाधिक अडखळते ती एका साध्या प्रश्नावलीपाशी. मूल प्रथम कोणती भाषा बोलू लागले? घरात कोणती भाषा बोलतात? मोठी माणसे त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात? तीनही उत्तरे ‘मराठी’ अशीच असतात, आणि तरीही पुष्कळ घरांत, नवरा-बायकोच्या दबक्या आवाजातील चर्चेनंतर, ‘इंग्रजी’ असे लिहिले जाते. मराठी लिहिले तर मुलाला खालच्या वर्गात टाकतील, मागे पडलेला म्हणून शिक्का बसेल, ही धास्ती असते. मूल तेथेच टेबलापाशी रंगकांड्या घेऊन बसलेले असते आणि आपल्या घरची भाषा लपविण्याजोगी आहे, हे त्याला त्या दिवशी प्रथम समजते.

वास्तविक ही प्रश्नावली मुलाच्या बाजूने जन्मली. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांना इंग्रजी न समजताच वर्गात बसविले जात होते. १९७४ मध्ये ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सर्वांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान संधी दिली असे होत नाही. भाषाच कळत नसेल तर ते शिक्षण त्या मुलापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हापासून भाषेची मदत देणे ही शाळेची जबाबदारी झाली. ‘मराठी’ असे लिहिल्यावर इतकेच होते, की मुलाची ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे अशी छोटी चाचणी घेतात. इंग्रजी माध्यमातून गेलेली कित्येक मुले ती उत्तीर्ण होतात आणि विषय तेथेच संपतो. न झाल्यास वयाप्रमाणे मिळालेला वर्ग तोच राहतो. बहुतेक ठिकाणी दिवसातील काही वेळ भाषाशिक्षिका त्याला लहान गटात शिकवितात. ही मदत नको असे पालक लेखी कळवू शकतात, मात्र ठरावीक पातळी गाठेपर्यंत दरवर्षीची चाचणी चुकत नाही. ती वार्षिक चाचणी काही मुलांना कंटाळवाणी होते, हे मान्य केले पाहिजे. पण ‘इंग्रजी’ असे खोटे लिहिलेल्या मुलाची अवस्था त्याहून कठीण होते. नव्या भाषेत पडलेले मूल कित्येक आठवडे गप्प राहू शकते. शिक्षिकेला कारण ठाऊक असेल, तर त्या थांबतात. ठाऊक नसेल, तर मौनाचा अर्थ भलताच लावला जातो.

हाच संकोच विशेष गरजा असलेल्या मुलांबाबत दिसतो. बोलण्यात किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलाचे इकडचे अहवाल दडविण्याकडे कल असतो. तेथे केंद्रीय कायद्याने अशा मुलासाठी स्वतंत्र लेखी शिक्षण-आराखडा करावा लागतो, त्याच्या बैठकीत पालक हक्काने बसतात, आणि वाचा-उपचारासारख्या सेवांचा खर्च डिस्ट्रिक्ट करते. अहवाल पहिल्याच दिवशी दिले, तर काही महिने वाचतात.

डब्याचा प्रश्न आपल्या घरांत कागदांइतकाच गंभीर. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी २०२२-२३ पासून सर्व विद्यार्थ्यांना शाळेतील जेवण मोफत केले. इतरत्र बऱ्याच ठिकाणी अर्ज करून सवलत मिळते. वैद्यकीय कारणास्तव आहारात बदल करणे शाळेवर बंधनकारक असते. धार्मिक नियमांसाठी तसा बदल करण्यास प्रोत्साहन आहे, सक्ती नाही. कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या मुलाने घरचा डबा नेणे मग ओघानेच येते, आणि त्याला कोणतीही शाळा हरकत घेत नाही. फक्त शेंगदाण्याची चटणी, चिक्की आणि कूट घातलेली भाजी यांबाबत आधी विचारावे; शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेली मुले असतात, म्हणून अनेक वर्गांत ते पदार्थ आणण्यास मनाई असते. आणखी एक गोष्ट आज्यांच्या सहसा लक्षात येत नाही : वाढदिवसाला वर्गात वाटल्या जाणाऱ्या मार्शमॅलोसारख्या मऊ गोळ्यांत जिलेटिन असते. शिक्षिकेला पहिल्या आठवड्यातच एक चिठ्ठी दिली, तर मुलाला ऐन वेळी सर्वांसमोर नकार द्यावा लागत नाही.

पर्युषण आणि दशलक्षण बहुधा शाळा उघडण्याच्या धांदलीतच येतात. न्यू यॉर्क शहरातील शाळांना २०२४-२५ पासून दिवाळीची सुट्टी असते. न्यू जर्सीतील काही डिस्ट्रिक्टही ती देतात. संवत्सरीला किंवा अनंत चतुर्दशीला मात्र रजाच घ्यावी लागते. न्यू जर्सीचे राज्य शिक्षण मंडळ धार्मिक सणांची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीतील दिवशी पालकांच्या लेखी पत्रावर घेतलेली रजा मुलाच्या पारितोषिकांच्या आड येत नाही. यादी पाहून पत्र आधी द्यावे.

अर्जाच्या अखेरीस एक रकाना उरतो : आई-वडील न भेटल्यास मुलाला कोणाच्या स्वाधीन करावे? नवख्या गावात हा रकाना भरणे सर्वांत अवघड. इकडे वाड्यातले कोणीही मुलाला शाळेतून आणत असे; तेथे यादीत नाव नसलेल्या सख्ख्या आजोबांनाही, ओळखपत्र दाखवूनसुद्धा, शाळा नातू देत नाही. सहा महिन्यांसाठी तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांची नावे विमानात बसण्याआधीच त्या यादीत घालून घ्यावीत. ज्यांचे तेथे कोणीच नाही, अशी कुटुंबे अर्ज हातात धरून शेजारचे दार वाजवितात, आणि बऱ्याचदा त्या घराशी पहिली ओळख होते ती अशी.