डाउनलोड म्हणजे कमाई नव्हे

गेम लाखो फोनांत पोहोचला की बनवणारा श्रीमंत झाला, असे अनेकांना वाटते. डाउनलोड म्हणजे फक्त ॲप फोनमध्ये उतरवून घेणे. जत्रेत दुकानापुढे गर्दी जमते, गल्ला मात्र खरेदी करणाऱ्यांमुळे भरतो, तसेच हे. फुकट गेमला पैसे मिळतात ते जाहिरातींतून किंवा अंतर्गत खरेदीतून (गेममध्येच विकत घ्यायच्या वस्तू). त्यासाठी लोक पुन्हा पुन्हा खेळायला यावे लागतात.

जाहिरातींतून होणाऱ्या कमाईचे एक उदाहरण पाहा. व्हिएतनामच्या डाँग न्विन यांनी एकट्याने बनवलेला ‘फ्लॅपी बर्ड’ हा गेम मे २०१३मध्ये आला आणि कित्येक महिने दुर्लक्षित राहिला. २०१४च्या सुरुवातीला मात्र तो जाहिरातींतून दिवसाला सुमारे ५०,००० डॉलर मिळवत असल्याचे प्रसिद्ध झाले. फेब्रुवारीतच न्विन यांनी तो स्वतःहून काढून घेतला. लोकांना त्याचे व्यसन लागत होते, हे त्यांनी दिलेले कारण मला फार मोलाचे वाटते.