एकच वारा : मुळशीत पाऊस, ओमानात वाळू

मस्कत : जुलैत मुळशी तालुक्यातलं नांदे आणि त्याच्या पश्चिमेची भातखाचरं ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने भिजतात, तोच वारा अरबी समुद्राच्या या काठावर, ओमानात, वाळूचे डोंगर रचतो.

इथे तो पाऊस का पाडत नाही? कारण तो किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो. वरचं उबदार पाणी तो दूर लोटतो आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यावरची दमट हवा पातळ थरातच अडकते. वर कोरडी, गरम हवा असल्याने ढगांना उंची मिळत नाही. दक्षिणेला सलालाजवळचे धोफारचे डोंगर तेवढे जून ते सप्टेंबर धुक्यात आणि झिमझिम पावसात हिरवे होतात. सह्याद्रीपर्यंत पोचताना मात्र या वाऱ्याने भरपूर बाष्प उचललेलं असतं आणि घाट चढताना तो ते रितं करतो.

मस्कतच्या दक्षिणेला पसरलेलं शर्किया, म्हणजे पूर्वीचं वहिबा वाळवंट, सुमारे १२,५०० चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या उत्तर भागात सुमारे १०० मीटर उंचीच्या दक्षिणोत्तर रांगा आहेत. त्या आजच्या नाहीत, हिमयुगांच्या काळापासून रचल्या जात आलेल्या आहेत. तेव्हा समुद्र १०० मीटरहून अधिक खाली गेला होता. उघड्या पडलेल्या तळावरची शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने आत आणली. पुढे चुना विरघळून कण एकमेकांना चिकटले आणि त्या वाळूचा काही भाग खडक झाला.

वारा वाळू नेतो तरी कसा? राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटातली निरीक्षणं वातबोगद्यात तपासली आणि १९४१ साली ग्रंथरूपाने मांडली. बहुतेक कण जमिनीलगत टप्पे खात जातात. एक कण आपटला की दुसरे उडतात. मंद चढाची बाजू चढून ते माथ्यावर साचतात आणि सुमारे ३३ अंशांच्या उतारावरून पलीकडे घसरतात. अशी अख्खी टेकडी पुढे सरकते. वाळू कमी आणि वारा एकाच दिशेचा असेल, तर शाळेच्या भूगोलात भेटणारी चंद्रकोरीसारखी बारखाण टेकडी तयार होते. तिची शिंगं वारा जातो त्या दिशेला असतात.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९८५ ते १९८७ या काळात शर्किया वाळवंटाचा अभ्यास केला. पूर्व कडेला गाफ वृक्षांचं बन आहे. महाराष्ट्रात शमी म्हणून पुजला जातो, तोच हा वृक्ष. त्याची मुळं खोल जातात आणि बुंध्याभोवती वाळू थोपवून धरतात.

हिवाळ्यात मस्कतची मराठी कुटुंबं सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या, याच वाळवंटाकाठच्या बिदियाला जातात. तिथे टेकडी चढण्याआधी दोन्ही उतार न्याहाळावेत. मंद चढावरची वाळू वाऱ्याने दाबून बसवलेली असते, तिथे पाय टिकतो. घसरत्या बाजूला पाय घोट्यापर्यंत रुततो.