मधाचे तारण

उमेदीची सारी वर्षे बँकेत गेल्यामुळे कोणी कशाची थोरवी गाऊ लागला, की मी आधी तारण पाहतो. मधाचे तारण भक्कम निघाले. त्यात पाणी जेमतेम 17-18 टक्के, बाकी बहुतेक साखर. जंतूंच्या अंगातले पाणीच तो ओढून घेतो. शिवाय तो आम्लधर्मी. जखमेच्या ओलाव्याने पातळ झाला, की मधमाशीने त्यात सोडलेले विकर कामाला लागते आणि बेताबेताने हायड्रोजन पेरॉक्साईड तयार होते.

याची कसोटी आपल्या सोलापुरातही लागली. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या 104 रुग्णांचा अभ्यास 1991 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध केला. नेहमीच्या सिल्व्हर सल्फाडायझिनपेक्षा मध लावलेल्या जखमा लवकर भरल्या होत्या.

तरी स्वयंपाकघरातली बाटली जखमेवर उपडी करू नये. औषधी मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. घरच्या मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा आजीबाई, सोन्याच्या वळ्याने मध चाटवायची हौस थोडी आवरा. नातवाचा पहिला वाढदिवस होऊ द्या. तोवर मध काही नासत नाही!