कोल्हापुरांत घडलेला कॅमेरा

जुन्या मूकपटांतील माणसें उगीच लगबगीनें चालतांना पाहून आज हसूं येतें. तो दोष नटांचा नव्हे. सेकंदास सुमारें १६ चित्रें या गतीनें घेतलेली फिल्म पुढें बोलपटाच्या २४ चित्रांच्या गतीनें दाखविली, म्हणजे असें होतें. यावरून श्रोत्यांच्या ध्यानांत येईल कीं, पडद्यावर खरोखर कांहींच हालत नसतें. स्थिर छायाचित्रें एकामागून एक त्वरेनें दिसतात आणि पाहणाराचें मन त्यांची अखंड गति बनवितें. तेव्हां चित्रपटाच्या कॅमेऱ्याचें खरें कौशल्य फिल्म चालविण्यांत नसून ती वेळच्या वेळीं थांबविण्यांत आहे.

फिल्म सरकत असतां तिजवर प्रकाश पडला, तर चित्र फिसकटतें. म्हणून कॅमेऱ्याच्या पोटांत दोन कामें एका तालावर चालतात. एक आंकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रांत शिरतो, तिला चार छिद्रें खालीं ओढतो आणि सोडून देऊन वर परततो. तेवढा वेळ एक कापलेली गोल तबकडी भिंगामागें फिरून प्रकाश अडविते. फिल्म स्थिर झाली कीं तबकडीची मोकळी बाजू समोर येते आणि चित्र उमटतें. यास वीज लागत नसे. बाजूचा दांडा छायाचित्रकारानें हातानें फिरवावयाचा. एका फेऱ्यास ८ चित्रें, सेकंदास २ फेरे.

वर्णन सोपें आहे, घडविणें कठीण. सुमारें २४ मिलिमीटर रुंदीचें चित्र १५ फुटी पडद्यावर जवळ जवळ १९० पट मोठें होतें. आंकडा मिलिमीटरच्या दहाव्या भागानें चुकला, तरी पडद्यावर चित्र पाऊण इंच हादरतें.

दादासाहेब फाळके यांनीं आपला विल्यमसन कॅमेरा १९१२ सालीं लंडनहून आणला व १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईस दाखविला. कोल्हापुरांत नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे चित्रपटाच्या ध्यासानें भारले गेले. त्यांचा हात कुंचल्यावर बसलेला. पण त्यांनीं यंत्राचें मर्म हस्तगत करावयाचें ठरविलें. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले आणि काम अर्धेंच राहिलें. बाबूरावांनीं तें सोडलें नाहीं. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ च्या सुमारास त्यांनीं कॅमेरा सिद्ध केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं पुण्यास झळकला. जो आंकडा फिल्मला थांबवीत थांबवीत नेई, तो कोल्हापूरच्या हातांनीं घडलेला होता. आंत बसणारी कोरी फिल्म मात्र परदेशाहूनच येई.

या खटाटोपांतून कॅमेऱ्याबरोबर माणसेंही घडलीं. दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे तिघेही याच कंपनींत तयार झाले व १९२९ सालीं कोल्हापुरांतच ‘प्रभात’च्या संस्थापकांत दाखल झाले. विकत आणलेलें यंत्र काम देतें. स्वतः घडविलेलें यंत्र कामाबरोबर विद्याही देतें. आनंदरावांस मात्र तो दांडा फिरतांना पाहावयास मिळाला नाहीं.