नाव सातबाऱ्यावर, पाय चिखलात
कर्जत-खालापूरच्या वाड्यांत पीएम-किसानच्या हप्त्याची चौकशी करू लागलो, की बोलणे लगेच सातबाऱ्यावर येते. वर्षाचे ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे तेवढेच आणखी. पण मिळतात ते ज्याच्या नावे जमीन आहे त्याला. नाव १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत लागलेले हवे. सवलत फक्त वारसाला, तीही फेरफार झाला तर. आजोबांच्याच नावावर राहिलेले सातबारे इथे थोडे नाहीत.

खंडाने शेती करणारा मात्र मुळातच बाहेर. याची मुळे मला, विचित्र वाटेल, कूळकायद्यात दिसतात. १ एप्रिल १९५७ रोजी त्या कायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानले. त्या काळी ते न्याय्यच होते. पण तेव्हापासून कूळ लागेल या धास्तीने मालक खंड कागदावर आणत नाही. बोली तोंडी, पीकपाहणीला नाव मालकाचे. आवण लावणारा दुसराच असतो, आणि हप्ता सोडाच, अवकाळीत भात आडवे झाले तरी पंचनाम्यात त्याचे नाव येत नाही.